लग्नसमारंभासाठी दिव्यांची निवड

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात तरुण व्यावसायिकांपुढे केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस या विषयावर बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा कित्येकांस नवल वाटले असेल. जन्मभर खडू आणि फळा यांच्याशी ज्याचा संबंध, त्या निवृत्त शिक्षकाने डीजेच्या दिव्यांविषयी काय सांगावे? आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. विजेच्या शास्त्रातील पदवी आमच्यापाशी नाही. तथापि शाळेत सामान्य विज्ञान शिकविताना प्रकाशाचे परावर्तन, रंगांचे पृथक्करण आणि विजेचा प्रवाह हे तीन धडे आम्ही वर्षानुवर्षे शिकविले. सेवानिवृत्तीनंतर मंडळाच्या कर्जसमितीवर बसून फिरत्या डीजे व्यवसायासाठी आलेले अर्ज वाचण्याचे कामही आमच्याकडे आले. त्या अर्जांना जोडलेल्या दिव्यांच्या याद्या वाचताना असे दिसून आले की, जे धडे आम्ही शाळेत शिकवीत होतो, तेच या धंद्यात पैशांच्या रूपाने उभे राहतात. ज्यास ते उमगले तो तरतो. ज्यास उमगले नाहीत त्याच्या गळ्याशी कर्जाचा हप्ता येतो. आजच्या बोलण्याचे प्रयोजन एवढेच.

आरंभी वडील मंडळींच्या एका आक्षेपाचा परामर्श घेणे उचित होईल. ‘लग्नात नाचगाण्याचा गोंगाट करणे हा काय आपल्या मुलांचा धंदा?’ असा प्रश्न मंडळाच्या बैठकीत विचारला गेला होता. आमचे त्यावर नम्र निवेदन असे की, लग्नाला उजेड लागतो ही गोष्ट नवी नाही. पूर्वी दिवट्या आणि मशाली होत्या. पुढे कंदिलाच्या जागी गॅसबत्ती आली. रॉकेलची वाफ जाळीच्या मोग्यात जळून जो पांढरा उजेड पडे, त्यात आपल्यापैकी अनेकांच्या आईवडिलांच्या वराती निघाल्या. ज्यांच्या डोक्यावर त्या बत्त्या असत, त्या मजुरांच्या कष्टावर त्या वराती शोभल्या. उजेड पुरविणारा हलका आणि उजेडात मिरविणारा थोर, हा न्याय आता पुरे झाला. प्रामाणिक कष्टाचा कोणताही धंदा हलका नसतो. धंदा हलका होतो तो बेपर्वाईने. म्हणून आमच्या मुलांनी हा धंदा करावा की न करावा, हा आमच्या मते वादाचा विषयच नव्हे. तो जाणतेपणाने करावा, एवढाच आग्रह आहे.

आता मूळ विषयाकडे वळू. दिवे विकत घेण्यापूर्वी आपणांस प्रकाश कशासाठी हवा, हे ठरविले पाहिजे. लग्नघरी प्रकाशाची कामे चार. पहिले, माणसांचे चेहरे दिसावेत. दुसरे, मंडपास व व्यासपीठास रंग चढावा. तिसरे, हवेतून जाणारे झोत दिसून डोळ्यांस कौतुक वाटावे. चौथे, वधूवरांच्या प्रवेशासारख्या क्षणी काही विशेष परिणाम साधावा. अर्ज पाहिले तर बहुतेकांची यादी तिसऱ्या आणि चौथ्या कामापासून सुरू होते, आणि पहिल्यासाठी पैसेच उरत नाहीत. ज्याच्या घरी कार्य आहे तो वधूपिता मात्र पुढे अल्बम उघडतो तेव्हा पहिले कामच पाहतो. मुलीचा चेहरा काळवंडलेला दिसला तर झोत कितीही फिरले असोत, पुढच्या वर्षी धाकट्या मुलीच्या लग्नाची सुपारी तुम्हांस मिळणार नाही.

पहिल्या दोन कामांसाठी जो दिवा लागतो, त्यास धंद्यात ‘पार’ म्हणतात. जुना मोठा पार हजार वॉटचा असे. त्यातील तार तापून पांढरी होई, विजेचा फार मोठा भाग उष्णतेत जाई, आणि रंगासाठी पुढे रंगीत कागद लावावा लागे. तो कागदही उष्णतेने उडे. आता त्याची जागा एलईडी पारने घेतली आहे. हे शक्य झाले ते निळ्या एलईडीच्या शोधामुळे. तांबडी आणि हिरवी एलईडी आधीपासून होती. निळी नव्हती, म्हणून पांढरा प्रकाश साधत नव्हता. आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांनी ती उणीव भरून काढली आणि २०१४ साली त्यांस भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आज तुमच्या गाडीतील प्रत्येक पार त्या शोधाचे ऋण वाहतो, हे ध्यानी असू द्या.

एलईडी पार घेताना चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट आकड्यांची. पेटीवर ‘५४ × ३ वॉट’ असे छापलेले असते. गुणाकार केला तर १६२ वॉट होतात. परंतु तो दिवा प्रत्यक्षात तितकी वीज घेतोच असे नाही. बहुधा कमीच घेतो, आणि उजेडही त्या मानाने कमी देतो. म्हणून आकड्यावर न जाता दुकानात दोन दिवे शेजारी शेजारी भिंतीवर टाकून पाहावेत. वीज मोजण्याचे लहान यंत्र स्वस्तात मिळते. ते खिशात घेऊनच दुकानाची पायरी चढावी.

दुसरी गोष्ट रंगांची. केवळ तांबडा, हिरवा आणि निळा एवढेच रंग असलेल्या दिव्याने पांढरा उजेड केला तर तो डोळ्यांस पांढरा भासतो खरा, पण त्या उजेडात मनुष्याच्या कातडीचा रंग निस्तेज दिसतो. कारण या तीन रंगांच्या मधल्या छटा त्या प्रकाशात पुरेशा नसतात. यास्तव स्वतंत्र पांढरी, आणि शक्य तर पिवळसर एलईडीही असलेला दिवा घ्यावा. शिवाय चारही रंग एकाच भिंगाखाली बसविलेले असतील तर उत्तम. नाही तर वधूच्या मागे पडद्यावर तांबडी, हिरवी, निळी अशी तीन तीन सावल्यांची जत्रा भरते.

तिसरी गोष्ट छायाचित्रकाराची. एलईडीचा उजेड कमी करावयाचा असतो तेव्हा ती फार वेगाने चालू-बंद केली जाते. आपल्या डोळ्यांस ते कळत नाही. पण हा वेग कमी असला तर चलच्चित्रात आडवे काळे पट्टे सरकताना दिसतात. दुकानातच दिवा अर्ध्या उजेडावर ठेवून मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहावा. पट्टे दिसले तर तो दिवा लग्नासाठी निरुपयोगी समजावा.

चौथी गोष्ट पाण्याची. दिव्यावर ‘आयपी’ आणि पुढे दोन अंक असतात. पहिला अंक धुळीपासूनच्या संरक्षणाचा, दुसरा पाण्यापासूनच्या. ‘आयपी २०’ म्हणजे पाण्यापासून काहीही संरक्षण नाही. ‘आयपी ६५’ म्हणजे धूळ आत जात नाही आणि पाण्याचा फवाराही सोसतो. आपल्याकडील अनेक लग्ने उघड्या मैदानावर, वैशाख-ज्येष्ठात होतात, आणि वळवाचा पाऊस मुहूर्त पाहून येत नाही. सर्व दिवे आयपी ६५ घेणे परवडत नसेल तर निदान मंडपाच्या कडेचे आणि वरातीचे तरी तसे घ्यावेत.

आता रंगाविषयी शाळेतील धडा पुन्हा उजळतो. हळदीचा पिवळा रंग आपणांस पिवळा दिसतो, कारण हळद तांबडा व हिरवा प्रकाश परत फेकते आणि निळा शोषून घेते. मग हळदीच्या समारंभात कोणी निळे दिवे लावले तर काय होईल? परत फेकण्याजोगा प्रकाशच उरत नाही; हळदीने माखलेले मूल काळपट दिसू लागते. हिरव्या शालूवर निव्वळ तांबडा प्रकाश टाकला तर शालू काळा दिसतो. मंगलकार्यात काळा रंग कोणास रुचतो? म्हणून हळदीला उबदार पांढरा व पिवळसर प्रकाश. मंगलाष्टकांच्या वेळी अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंस स्थिर पांढरा उजेड, कोणताही दिवा हलता-फिरता नको. आणि निळा-जांभळा रंग ठेवावयाचाच तर तो मागच्या पडद्यावर. हा नियम पाळणाऱ्यास निराळी जाहिरात करावी लागणार नाही.

दिवे किती घ्यावेत, हा पुढचा प्रश्न. याचेही उत्तर भूमितीत आहे. २५ अंशांचा दिवा पाच मीटर अंतरावर सुमारे सव्वादोन मीटर व्यासाचे वर्तुळ उजळतो. ४५ अंशांचा दिवा तेवढ्याच अंतरावर चार मीटरांहून किंचित अधिक. चोवीस फुटी व्यासपीठ म्हणजे सुमारे सव्वासात मीटर. तेव्हा २५ अंशांचे चार दिवे अथवा ४५ अंशांचे दोन दिवे लांबी झाकतील. परंतु प्रकाश पसरला की पातळ होतो. अंतर दुप्पट केले तर उजेड चौथाईवर येतो. म्हणून रुंद कोनाचे दोन दिवे दूर ठेवून भागविण्यापेक्षा अरुंद कोनाचे चार दिवे योग्य अंतरावर ठेवणे हितकर. पुढून चार आणि मागच्या पडद्यासाठी चार, असे आठ चांगले पार हे नव्या व्यावसायिकाचे मूळ भांडवल होय.

यानंतर झोताचे दिवे येतात. ज्यांस आपल्याकडे सरसकट ‘शार्पी’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. तरुणांचे चित्त येथे गुंतते. या दिव्याचा झोत अरुंद आणि प्रखर असतो, तो चहूकडे फिरतो, आणि पाहणाऱ्यांच्या तोंडून उद्गार निघतो. परंतु त्याचे तीन स्वभाव ओळखून ठेवावेत. एक, झोत हवेत दिसतो तो धुरामुळे. स्वच्छ हवेत तो दिसतच नाही. उघड्या मैदानावर वारा धूर घेऊन जातो आणि तुमचे पैसेही. दोन, २३० वॉटच्या दिव्याच्या जातीत काचेच्या नळीत विजेचा ठिणगीप्रकाश असतो. जनरेटर मध्येच बंद पडला तर ती नळी थंड झाल्याखेरीज पुन्हा पेटत नाही. वरात ऐन चौकात आणि तुम्ही काही मिनिटे अंधारात. तीन, त्या नळीचे आयुष्य तासांत मोजलेले असते, आणि ती बदलण्याचा खर्च अर्ज करणाऱ्यांपैकी एकानेही आमच्यासमोर मांडलेला नव्हता. एलईडीचे फिरते दिवे झोताने थोडे सौम्य असतात, पण ते तत्काळ पेटतात आणि नळी बदलण्याची पाळी येत नाही. नवख्याने तेच बरे मानावेत.

धुराच्या यंत्राविषयी थोडे. त्यात ग्लायकॉल व पाणी यांचे मिश्रण तापवून वाफ करतात. तापविण्यासाठीच ते दीड हजार वॉटपर्यंत वीज खाते. बंद सभागृहात दम्याचे रुग्ण, तान्ही मुले व वृद्ध यांचा विचार करून ते जपून वापरावे. वधूवरांच्या प्रवेशासाठी जमिनीलगत ढग करण्यास कोरडा बर्फ वापरतात. तो गोठलेला कर्बद्विप्राणिल वायू. उणे ७८ अंशांहून थंड, उघड्या हाताने धरला तर कातडी भाजल्यासारखी होते, आणि त्याचा वायू हवेहून जड असल्याने खाली साचतो. बंद खोलीत तो साठवू नये, आणि ढगात मुलांस लोळू देऊ नये. ‘कोल्ड पायरो’ म्हणून जे ठिणग्यांचे कारंजे उडवितात, ते नावापुरते थंड. त्या ठिणग्या धातूच्या भुकटीच्या असतात. मंडपाचा नायलॉनी पडदा त्यांच्या आटोक्यात आला तर काय होईल, ते सांगणे न लगे.

आता लेसर. या बाबतीत आम्ही हातचे राखून बोलणार नाही. पहिला लेसर १९६० साली तयार झाला आणि तेव्हापासून या किरणाने वैद्यकास व उद्योगास मोठी मदत केली. परंतु त्याच्या अंगी एक गुण असा की, तो फारसा पसरत नाही. साधा दिवा दूर गेला की मंदावतो. लेसर त्या मानाने फारच कमी मंदावतो. तो डोळ्यात शिरला की डोळ्याचेच भिंग त्यास पडद्यावरील सूक्ष्म बिंदूत एकवटते आणि तेथील पेशी जळतात. ती जखम दुखत नाही. आणि जळलेला भाग परत येत नाही. पाच मिलीवॉटवरील लेसर डोळ्यांस धोक्याच्या वर्गात जातो आणि ५०० मिलीवॉटवरील लेसर सर्वांत धोक्याच्या चौथ्या वर्गात. आणि बाजारात मिरवणुकांसाठी याहून कितीतरी प्रखर यंत्रे विकली जातात. २०२४ च्या गणेशोत्सवात पुणे पोलिसांनी लेसर झोतांस मनाई केली, ती उगाच नव्हे. शिवाय हाच किरण छायाचित्रकाराच्या महागड्या कॅमेऱ्याचेही नुकसान करतो. ज्या वस्तूने पाहुण्याचा डोळा जाऊ शकतो, ती वस्तू लग्नात मिरविण्याची नव्हे. ‘स्पर्धक आणतात म्हणून आम्हीही आणतो’ हे कारण आमच्या समितीस मान्य होणार नाही. तसेच वेगाने लुकलुकणारे दिवे; सेकंदास ३ ते ३० वेळा लुकलुकणारा प्रकाश काही अपस्मारी रुग्णांस झटका आणू शकतो. ते दिवे असलेच तर काही क्षण वापरून थांबवावेत.

सर्व दिवे एका ठिकाणाहून चालविण्याची जी पद्धत आहे, तिला ‘डीएमएक्स’ म्हणतात. नाव ऐकून पुष्कळजण बिचकतात. परंतु ही शाळेतील हजेरीच होय. एका तारेवर ५१२ क्रमांक असतात. प्रत्येक दिव्यास त्याचा पहिला क्रमांक सांगून ठेवायचा. हुकूम सर्वांच्या कानी जातो, पण ज्याचा क्रमांक तोच उठतो. आठ पार प्रत्येकी आठ क्रमांकांचे असतील तर त्यांचे आरंभ १, ९, १७, २५, ३३, ४१, ४९ आणि ५७. पुढे दोन फिरते दिवे सोळा-सोळा क्रमांकांचे असतील तर ६५ आणि ८१. एकूण ९६ क्रमांकांत तुमचा संसार आटोपला. हा तक्ता वहीत लिहून पेटीच्या झाकणास चिकटवावा. तारेच्या बाबतीत मात्र काटकसर नको; ध्वनिग्राहकाची तार दिसण्यात सारखी असली तरी तिचा विद्युत्गुण निराळा. तिच्यावर दिवे आज चालतील आणि उद्या भर कार्यात वेड्यासारखे लुकलुकतील. एका तारेवर बत्तीसपेक्षा अधिक दिवे जोडू नयेत, आणि शेवटच्या दिव्यास १२० ओहमचे टोक लावावे. ते टोक स्वस्त असते, पण मोठी अब्रू राखते.

बंधूंनो, आता त्या गोष्टीकडे येऊ जी आमच्या दृष्टीने सर्वांत मोठी. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो वीजजोडणीच्या रूपाने येतो. एक गणित सोडवू. आठ पार प्रत्येकी १५० वॉट धरले तर १२००. दोन फिरते दिवे सर्व मिळून प्रत्येकी ३५० प्रमाणे ७००. धुराचे यंत्र १५००. एकूण ३४०० वॉट. आपल्याकडे विजेचा दाब २३० व्होल्ट. भागाकार केला तर जवळ जवळ १५ अँपिअर. म्हणजे कार्यालयातील १६ अँपिअरचे मोठे सॉकेट तुमच्या दिव्यांनीच भरले. ध्वनीसाठी तेथे जागा नाही. धुराचे यंत्र वगळले तरी १९०० वॉट, म्हणजे आठ अँपिअरहून अधिक. ६ अँपिअरच्या लहान सॉकेटास हे पेलणार नाही. तरीही त्यात तार खोचून काम भागविणारे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहेत. तार तापते, आवरण वितळते, आणि मंडप कापडाचा असतो.

जनरेटर घेताना हाच हिशेब पुढे चालवावा. दिव्यांचे ३४०० आणि ध्वनीचे समजा ३००० मिळून ६४०० वॉट. जनरेटरवर केव्हीए लिहिलेले असते. साधारणतः त्याच्या आठ दशांश इतके किलोवॉट मिळतात. ६४०० ला ०.८ ने भागले की ८००० येतात, म्हणजे आठ केव्हीए. त्यावर चौथाई राखीव धरावी आणि दहा केव्हीएचा जनरेटर मागवावा. यजमान ‘पाचचा आहे, चालवून घ्या’ म्हणाला तर नम्रपणे नकार द्यावा आणि दिवे कमी करावेत.

अर्थिंगच्या बाबतीत तडजोड नाही. तीन पिनांच्या बिनातील जाड पिन काढून टाकणारे कारागीर आपण पाहतो. ती पिन म्हणजे प्राणाचा पहारेकरी आहे. प्रत्येक गाडीत ३० मिलिअँपिअरवर तुटणारे आरसीसीबी बसविलेली स्वतःची फळी असावी, आणि यजमानाच्या सॉकेटास तीच प्रथम जोडावी. वीज माणसाच्या अंगातून जाऊ लागताच ते निमिषार्धात प्रवाह तोडते. तारेचे वेटोळे अर्धवट गुंडाळलेले ठेवून भार देऊ नये; ते आतल्या आत तापते. वरातीत डोक्यावर दिवे घेऊन ज्या बायाबापड्या चालतात, त्यांच्या हातापायांतून तार जात असते. त्या मजुरीसाठी येतात. आपल्या निष्काळजीपणाची किंमत मोजण्यासाठी नव्हे. त्यांच्या दिव्याचे अर्थिंग तपासल्याखेरीज वरात हलवू नये, त्यांस मध्येच पाणी द्यावे, आणि मजुरी त्याच रात्री चुकती करावी. त्याचप्रमाणे गाडीवर उंच चौकट चढवून दिवे लावणाऱ्यांनी रस्त्यावरील वीजतारांकडे पाहावे. वरातीचा मार्ग दिवसाउजेडी एकदा चालून यावा आणि जेथे तार खाली आली असेल तेथे चौकट उतरवावी.

स्टँड आणि ट्रस यांचेही तेच. प्रत्येक दिव्यास पकडीखेरीज स्वतंत्र सुरक्षासाखळी हवी. स्टँडचे पाय पूर्ण फाकवून त्यावर वाळूच्या पिशव्या ठेवाव्यात. वारा सुटला की स्टँड आधी खाली करावेत, मग चर्चा करावी.

आता पैशांचा विचार. समजा, दिव्यांवर दोन लाख चाळीस हजार रुपये घातले आणि ते चार वर्षे टिकले. वर्षास साठ हजार झाले. दुरुस्तीचे बारा हजार धरा. एकूण बहात्तर हजार. वर्षात तीस सुपाऱ्या मिळाल्या तर प्रत्येक सुपारीमागे दिव्यांचेच २४०० रुपये पडले. पन्नास मिळाल्या तर १४४०. यात व्याज, गाडी, मजुरी आणि तुमचा स्वतःचा घाम धरलेला नाही. सुपारीचा दर सांगताना हा आकडा ज्याच्या मनात नसतो, तो धंदा करीत नसून आपले भांडवल हळूहळू वाटून टाकीत असतो. शिवाय आपला हंगाम तुळशीच्या लग्नापासून सुरू होतो आणि आषाढात चातुर्मास लागला की संपतो. बँकेचा हप्ता मात्र बारा महिने येतो. यास्तव हंगामातील प्रत्येक सुपारीतून पावसाळ्याच्या हप्त्याचा वाटा बाजूस काढावा. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत पन्नास हजारांपर्यंतचे ‘शिशु’ आणि त्यापुढे पाच लाखांपर्यंतचे ‘किशोर’ कर्ज मिळते. पाच लाख मिळतात म्हणून पाच लाख घेणे हा शहाणपणा नव्हे. जे साहित्य प्रत्येक सुपारीस लागते ते विकत घ्यावे. जे पाचांत एकदा लागते ते भाड्याने आणावे. पार, तारा, फळी आणि स्टँड विकत. फिरते झोत पहिली दोन वर्षे भाड्याने. हाच आमच्या विवेचनाचा सारांश समजा.

खरेदीस मुंबईत लॅमिंग्टन रोड वा लोहार चाळ, पुण्यात तपकीर गल्ली या जागा परिचित आहेत. तेथे जाताना एकट्याने न जाता दोघा-तिघा व्यावसायिकांनी मिळून जावे. पक्की पावती घ्यावी. आणि सुटे भाग व दुरुस्ती कोठे मिळेल हे किंमत विचारण्याआधी विचारावे. जुने साहित्य घेताना प्रत्येक रंग स्वतंत्र पेटवून पाहावा, पंखा फिरतो की नाही ते ऐकावे, आणि अर्धा तास चालवून मग वास घ्यावा. करपल्याचा वास आला तर नमस्कार करून परतावे. पावसाळ्यात दिवे ओलीत ठेवले तर भिंगांवर बुरशी चढते. पेट्यांत ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवाव्यात आणि पंधरवड्यास एकदा सर्व दिवे थोडा वेळ लावावेत.

आणखी एक गोष्ट सांगून आवरते घेऊ. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. त्यांनुसार रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत ध्वनिवर्धकास बंदी आहे. बहुतेक डीजे दहा वाजता कपाळावर आठ्या घालतो. परंतु दहानंतर आवाज थांबतो, उजेड थांबत नाही. पंगत चालू असते, आहेर चालू असतात, पाठवणी व्हायची असते. त्या वेळी ज्याच्यापाशी शांत, सुंदर प्रकाश आहे, त्याचे काम दहानंतरही चालू राहते, आणि यजमानास पोलिसांपुढे उभे राहावे लागत नाही. ज्याने आपली सारी पुंजी गोंगाटावर घातली, त्याचे दुकान मात्र दहाच्या ठोक्यास बंद होते.

शेवटी कर्जसमितीच्या वतीने तीन सूचना आम्ही या सभेपुढे ठेवतो. पहिली, डीजे व्यवसायाच्या कर्जातील पहिली रक्कम तारा, फळी, अर्थिंग व सुरक्षासाखळ्या यांवर खर्च व्हावी, दिव्यांवर नंतर. दुसरी, प्रत्येक अर्जासोबत वर सांगितल्याप्रमाणे विजेच्या भाराचा आणि सुपारीमागील खर्चाचा हिशेब जोडलेला असावा. तो मांडण्यास ज्यास अडचण असेल त्याने आमच्या घरी यावे, आम्ही शिकवू. तिसरी, मंडळाच्या निधीतून लेसर यंत्रासाठी एक रुपयाही देऊ नये. तिसऱ्या सूचनेस काही तरुणांचा विरोध आहे, हे आम्ही जाणतो. त्यांनी येथे उठून आपले म्हणणे अवश्य मांडावे. परंतु मांडण्यापूर्वी समोर बसलेल्या लहान मुलांच्या डोळ्यांकडे एकवार पाहावे, एवढीच विनंती.

आपल्या मुलांनी दुसऱ्यांच्या मंगलकार्यांत उजेड करावा, आणि त्या उजेडाने कोणाचे वाईट होऊ नये. त्यांच्या धंद्यास यश येवो, त्यांची कर्जे वेळेवर फिटोत, अशी इच्छा आम्ही प्रकट करतो.